ग्रंथालयाबाहेरचे पंतप्रधान

दुबईतल्या ज्या ब्रिटिश शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथे ग्रंथालयाच्या दाराशेजारी एक काळी फ्रेम असायची आणि तिच्यात ब्रिटनचे पंतप्रधान असायचे. शाळेतली मुलं केरळची, कराचीची, कैरोची, मनिलाची. खरी इंग्रज मुलं एका मिनीबसमध्ये बसली असती. पण अभ्यासक्रम तिकडचा, गळ्यातला टाय तिकडचा, तेव्हा भिंतीवरचा चेहराही तिकडचाच हवा, असं मुख्याध्यापकांचं मत होतं. तो बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी रुजू झाले तेव्हा ते काम आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतो, तसं कधीतरी होणारं काहीतरी.

ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचा कौल दिला, तो आम्हाला शुक्रवारी सकाळी कळला. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, त्यामुळे आमच्या शाळेला धक्का रविवारी बसला. रमजान चालू होता. स्टाफरूमच्या पडद्याआड चहा पिताना इंग्रजीच्या बाई रडत होत्या. खेळाचे सर कोणाशी न बोलता सगळ्यांना बिस्किटं देत होते, त्यावरून त्यांनी मत कुठे दिलं असावं ते कळत होतं. माझी मुलगी तेव्हा त्याच शाळेत सातवीत होती. तिने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, "आई, युरोप मॅपवरून हलणार का?"

त्या रविवारी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी भाषण केलं. उंच गृहस्थ, आवाज भरदार, आखातात तीस वर्षं काढलेली. ते म्हणाले, "आपल्या देशाच्या इतिहासात आज एक नवं पान उघडलं आहे. नेते येतात, नेते जातात, संस्था स्थिर राहतात." समोर मांडी घालून बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा तो देश नव्हता. पण वाक्य चांगलं होतं आणि एसी चालू होता.

पंतप्रधानांनी राजीनामा दिला, पक्षाने नवा नेता निवडला, म्हणजे या खेपेला बाई निवडल्या. मी ऑफिसच्या प्रिंटरवर त्यांचा फोटो छापून घेतला, फ्रेम उतरवली, मागचे चाप उघडले. जुन्या साहेबांचा फोटो हातात आला. कचऱ्याची टोपली पायाशीच होती. टाकवेना. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचं काय करायचं, हा प्रश्न ज्या घरात वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून असतो, तिथे मी वाढले. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्याच्या वर, त्याच खिळ्याला लागतं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात त्या खिळ्यावर दुबईच्याच करामा भागातल्या जुन्या घरापासूनची वर्षं लटकली आहेत. माणसाचा चेहरा, मग तो कोणाचाही असो, ओल्या चहाच्या पुरचुंडीवर टाकणं मला जमलं नाही. मी नव्या बाईंना जुन्या साहेबांच्या पुढे ठेवलं आणि चाप लावले. पुढे बाईही गेल्या. त्यांच्यापुढे तिसरे आले. चाप जरा घट्ट बसले, इतकंच.

दर वेळी भाषण तेच. नवं पान उघडलं आहे, नेते येतात, नेते जातात.

मधल्या काळात मला मुख्याध्यापकांकडून एक गोष्ट समजली, ती मी अजून पचवते आहे. ते त्या सत्ताधारी पक्षाचे जुने सभासद होते. युरोप सोडायचा की नाही यावर त्यांना मत नव्हतं, कारण इतकी वर्षं देशाबाहेर राहिलेल्यांना तेव्हा मतदान नव्हतं. पण सत्तेवरच्या पक्षाचा नेता निवडायला सभासदांना मत होतं, आणि जो नेता तो पंतप्रधान. म्हणजे लंडनच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला जे विचारलं गेलं नाही, ते दुबईत पोहण्याच्या तलावाकाठी बसलेल्या आमच्या सरांना विचारलं गेलं. "मोठी जबाबदारी आहे," ते म्हणाले. मी होकार दिला. मला त्यांच्याकडून वाचन सप्ताहाची परवानगी हवी होती.

मुलीची शाळा संपली त्या वर्षी, उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता, तिसरे पंतप्रधान पडले. त्यांच्याच मंत्र्यांनी एकामागून एक राजीनामे देऊन त्यांना खाली ओढलं. मग पक्षात नव्या नेत्याची निवड सुरू झाली आणि ती उन्हाळाभर चालली. तोवर गेलेलेच पंतप्रधान जागेवर बसून होते. देश कोणाच्या हातात आहे हे विचारलं, तर उत्तर यायचं की सप्टेंबरमध्ये कळेल.

नेमका त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीचा पासपोर्ट त्या देशाकडे होता. तिला इंग्लंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. व्हिसाचा अर्ज केला होता, फी भरली होती. नवऱ्याने ती फी पौंडांतून दिरहममध्ये केली, दिरहममधून रुपयांत केली आणि मग तो बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला. विद्यापीठाने कळवलं होतं की सप्टेंबर संपायच्या आत हजर झाली नाही तर या वर्षीची जागा जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि व्हिसा येत नव्हता. फोनवर एक मुलगी गोड आवाजात सांगायची की अर्ज विचाराधीन आहे.

"अगं, तिथे वरचा साहेब कोण हे त्यांनाच माहीत नाही," नवरा म्हणायचा. "आपल्या पोरीची फाईल उघडणार कोण?"

ऑगस्टच्या शेवटी शिक्षकांच्या आधी आम्ही शिक्षकेतर लोक शाळेत जातो. मुलगी माझ्याबरोबर आली. घरात बसून फोनकडे बघत राहणं तिला असह्य झालं होतं. बाहेर इतका दमटपणा होता की गाडीतून उतरल्याबरोबर माझा चष्मा पांढरा झाला. आत पाऊल टाकलं आणि तो पुसला तरी फार फरक पडला नाही. सुट्टीत एसी अगदी मंद ठेवतात, त्यामुळे सगळ्या इमारतीत भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता. कॉरिडॉरमध्ये दप्तरं अडकवायच्या खुंट्या रांगेने रिकाम्या. एवढ्या मुलांची शाळा रिकामी असली की ती नुसती शांत नसते. कोणीतरी आत्ताच "गप्प बसा" म्हणून गेल्यासारखी असते.

मुलगी माझ्या पुढे चालत होती. ग्रंथालयाच्या दाराशी ती थांबली.

"आई."

फ्रेममध्ये तिसरे पंतप्रधान होते, जसे जूनमध्ये होते. पण त्यांच्या गालांच्या मधोमध, जिथे काहीच असायला नको, तिथे आणखी दोन डोळे होते. फिकट, पण नीट उघडे. हनुवटीखाली एक बंद तोंड होतं, वरच्या हसऱ्या तोंडापेक्षा बरंच वयस्कर. कपाळाची एक बाजू दुसऱ्याच कोणाच्या केसांत गेली होती. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. तो एकच चेहरा होता आणि तो कोणाचाच नव्हता.

कारण मला मिनिटभरात सापडलं. वरच्या छतातून एसीचं पाणी ठिबकून फ्रेमच्या मागे गेलं होतं. साधा कागद, प्रिंटरची शाई. खालच्या दोघांचे रंग वरच्या कागदात उतरले होते. मी हे मुलीला समजावून सांगितलं. माझा आवाज कॉरिडॉरमध्ये जरा जास्तच शहाणा वाटला.

ती ऐकत होती, पण बघत फ्रेमकडे होती. इथे वाढलेली मुलं आपण मराठीत बोललो तरी उत्तर इंग्रजीत देतात. तिने दिलेलं उत्तर मी मराठीत लिहिते: "ते आपल्याकडे बघत नाहीयेत. आपल्या मागे बघतायत."

मी मागे वळून पाहिलं. मागे खुंट्या होत्या.

मी फ्रेम उतरवायला हात वर केला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "डोंट ओपन इट. माझा पासपोर्ट येईपर्यंत नको." आणि मग स्वतःच लाजून हसली. मीही हसले. आम्ही दोघी हसलो, आणि दोघींपैकी कोणीही फ्रेमला हात लावला नाही.

मी शनिवारी नखं कापते. मांजर आडवं गेलं तर मांजराची विचारपूस करते. घरात देवापेक्षा पुस्तकांची धूळ जास्त नेमाने पुसते. पण त्या दिवसापासून मी रोज सकाळी ग्रंथालय उघडताना त्या फ्रेमकडे बघून घ्यायचे, आणि ती जशीच्या तशी आहे हे पाहून मला बरं वाटायचं.

शाळा सुरू झाली. पहिलीतल्या एका चिमुरडीने फ्रेमसमोर उभं राहून विचारलं, "मिस, यातले प्राइम मिनिस्टर कोणते? वरचे की आतले?" मी म्हटलं, वरचे. ती म्हणाली, "आतल्यांना माहितीये का?"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पक्षाने चौथा नेता निवडला. पुन्हा बाई. मुख्याध्यापक ग्रंथालयात आले, खुशीत होते. "मी यांनाच मत दिलं होतं," ते म्हणाले. "उद्याच्या प्रार्थनेआधी फोटो बदला. आणि हे काय झालंय या फ्रेमला?"

"पाणी गेलंय, सर."

"मग आजच बदला."

"प्रिंटरची शाई संपलीय, सर. मागवलीय. इन्शाल्ला उद्या."

आखातात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला 'इन्शाल्ला उद्या' म्हणजे उद्या नाही, हे सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. नव्या बाईंचा फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये छापून तयार होता.

मग राणी गेली. शाळेत मौन पाळलं गेलं, मुख्याध्यापकांनी काळा टाय लावला. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच खरं काहीतरी पाहिलं, आणि त्याची मी थट्टा करणार नाही. पंतप्रधानांची कोणाला आठवण राहिली नाही. फ्रेमला मुदत मिळाली.

घरी मुलीची बॅग भरून दाराशी उभी होती. तिखट, मेतकूट, दोन जाड स्वेटर, जे या देशात हातात घेतले तरी घाम येतो. रोज संध्याकाळी मी घरी आले की ती विचारायची, "शट?" मी म्हणायचे, "बंद." एवढंच आमचं बोलणं.

नवऱ्याच्या लक्षात आलं. तो अकाउंट्समधला माणूस. "तू? तू असलं काही मानायला लागलीस?" तो म्हणाला. "खलास. उद्या जा आणि उघड ती फ्रेम."

"तू ये आणि उघड."

"मला ऑफिस आहे," तो म्हणाला आणि टीव्ही मोठा केला.

विद्यापीठाची मुदत आठवड्यावर आली. त्या दुपारी मुख्याध्यापक पुन्हा आले आणि काही न विचारता त्यांनी फ्रेम भिंतीवरून काढली. "सर, मी करते," मी म्हटलं. "यल्ला, यल्ला," ते म्हणाले. इंग्रजांच्या तोंडी 'चला'साठीचा तो अरबी शब्द नेहमी उसना कोट घातल्यासारखा वाटतो. त्यांनी फ्रेम माझ्या टेबलावर पालथी घातली, चाप उघडले. तिन्ही कागद एक झाले होते. ते ओढायला लागले तसा ओल्या चपलेसारखा आवाज आला. कागद निघाला, पण चेहरा निघाला नाही. तो काचेवरच राहिला, डोळ्यांच्या दोन जोड्यांसकट. त्यांनी रुमालाने पुसला. रुमाल स्वच्छ राहिला.

"काच आहे फक्त," ते म्हणाले.

मी ड्रॉवरमधून नव्या बाईंचा फोटो काढून दिला. त्यांनी तो काचेमागे बसवला, फ्रेम भिंतीवर टांगली आणि दोन पावलं मागे गेले. नव्या बाई आपल्या आधीच्यांच्या डोळ्यांतून बघत होत्या. "छान," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनाही ते छान वाटलं नाही. ओल्या कागदाचा गोळा त्यांनी जाताना टोपलीत टाकला.

माझ्या मनात एकच, की आता घरी काय सांगायचं. संध्याकाळी "शट?" आलं की काय म्हणायचं. फोन थरथरला तेव्हा मी तो उचलायला घाबरले.

मुलीचा होता. रडत होती, त्यामुळे चक्क मराठीत बोलली. "आई, मेसेज आला. पासपोर्ट घेऊन जा म्हणतायत. आई, मिळाला."

योगायोग हा शब्द मला येतो. त्यावरची पुस्तकं मी मुलांना देते आणि वेळेवर परत घेते. तरी त्या दुपारी मी बराच वेळ त्या फ्रेमसमोर उभी होते. आम्ही इतके दिवस ती बंद ठेवली म्हणून काम झालं, की बंद ठेवली म्हणूनच अडलं होतं? विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरताना मुलीने माझ्या कानात हेच विचारलं. मी म्हटलं, "स्वेटर हातात ठेव." काचेपलीकडे ती गेली. तिथल्या काचेत मला तिच्याऐवजी मीच दिसत राहिले.

ऑक्टोबर संपायच्या आत त्या नव्या बाईही गेल्या. मुख्याध्यापक प्रार्थनेला उभे राहिले. "आपल्या देशाच्या इतिहासात," त्यांनी सुरुवात केली, आणि मी मुलांकडे पाहिलं. मुलांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पहिलीपासून मोठ्या वर्गापर्यंत सगळे, चेष्टा म्हणून नव्हे, जशी रोजची प्रार्थना म्हणतात तसे, त्यांच्याबरोबर म्हणत होते. नवं पान उघडलं आहे. नेते येतात, नेते जातात. त्यांनाही ते दिसलं. "संस्था," ते म्हणाले आणि थांबले. मुलांचे ओठ पुढचे दोन शब्द संपवून मिटले. सभागृहात एसीचा आवाज तेवढा राहिला. त्यांनी सर्वांना वर्गात जायला सांगितलं.

मुलीचा फोन आला, मी विचारलं, "तिकडे काय चाललंय?" ती म्हणाली, "काहीच नाही. बसेस चालू आहेत. काल क्विझमध्ये पंतप्रधान कोण असा प्रश्न होता, तर उत्तर सांगायच्या आधी क्विझवाल्याने फोनमध्ये बघून घेतलं."

पाचवे आले ते भारतीय वंशाचे, आणि नेमके दिवाळीत. आमच्या मराठी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. "आता व्हिसा पटापट," कोणीतरी लिहिलं. मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं, जसा काही मीच त्यांना जन्म दिला होता. मी त्यांना चकली दिली. फोटो बदलायचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. थोड्या दिवसांत फ्रेमच्या जागी एक स्क्रीन आला. तो स्वतःच चेहरा बदलतो, कोणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही. आतल्या बाईंचा फोटो ड्रॉवरमध्ये ठेवून फ्रेम मी घरी आणली.

मुलगी शिकली, पदवी घेतली, तिथेच नोकरीला लागली. शिक्षणानंतर दोन वर्षं राहायची परवानगी असते, ती आता संपत आली आहे. इथला नियम असा की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर निवासी व्हिसा जातो. म्हणून इथली परदेशी शिकणारी मुलं दर सहा महिन्यांनी येऊन दुबईला हात लावून जातात, लपाछपीत भिंतीला लावतात तसा. गेल्या वर्षी तिला रजा मिळाली नाही. हात लावायचा राहिला. आता ती आमच्या घरी पाहुणी म्हणून येते, टुरिस्ट व्हिसावर, जिथे तिचं सगळं बालपण गेलं त्या घरी. तिकडे राहता आलं नाही तर तिला पुण्याला जावं लागेल, आणि पुणं तिला सुट्टीपुरतं माहीत आहे.

तिच्या कंपनीने तिच्यासाठी अर्ज केला आहे. तिकडे आता पक्ष दुसरा आहे, पण बातम्यांची भाषा तीच. नेता टिकेल का, नियम बदलतील का, शरद ऋतूपर्यंत कळेल.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं.

"आई, ती फ्रेम कुठेय?"

"आहे. कपाटामागे."

"ओपन ऑर शट?"

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. मी म्हटलं, बघून सांगते. कपाट सरकवायला नवऱ्याला हाक मारली. तो आला आणि त्याने कपाट ओढलं. फ्रेम भिंतीला टेकून उभी होती. आत काही नाही. चाप लावलेले होते.

"बंद आहे," मी फोनवर सांगितलं.

मग नवराच म्हणाला, "उघड. गेल्या वेळी उघडल्यावर आलं होतं."

मी चाप उघडले. काच जेवणाच्या टेबलाला टेकवून ठेवली आहे, ती तिथेच आहे. पुसून पाहिली, डाग जात नाही. सकाळी चहा घेताना समोरच्या काचेत माझा चेहरा येतो, आणि माझ्या गालांच्या मधोमध ते दोन डोळे. मी जागा बदलून बसते. नवराही बदलतो. कुठेही बसलं तरी ते आपल्या मागे बघतात, हे तिचं बरोबर होतं.

व्हिसा ऑफिस कंपनीला कळवणार होतं, ते अजून कळवलेलं नाही. ती रोज संध्याकाळी विचारते, आणि मी सांगते, "उघडी आहे."